मशिदीतली जमातीची नमाज: कोकणातल्या मोहल्ल्यांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले बहुतेक कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे आहेत (मजहब म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी एक; हनफी, हंबली याही त्यातल्याच). घाटावर गेलं की जवळपास सगळीकडे हनफी. अरबस्तानातून समुद्रमार्गे आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर हा मजहब मलबार, भटकळ आणि आपल्या किनाऱ्यावर रुजला, तो टिकून आहे. माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांना सगळी मुंबई ओळखते, तेही शाफईच. पण आज मोबाईलवर दिसणारे उर्दू-हिंदी मसले (धार्मिक नियमांची उत्तरं) बहुतेक हनफी असतात आणि ते वाचून पोरं मशिदीत येऊन वाद घालतात. म्हणून खालची उत्तरं शाफई मजहबाप्रमाणे दिली आहेत. जिथे हनफी मत वेगळं आहे आणि त्यावरून आपल्याकडे गोंधळ होतो, तिथे तेही सांगितलं आहे. हा फतवा नाही. तुमची अडचण गुंतागुंतीची असेल तर गावच्या खतीबांना (शुक्रवारचं प्रवचन देणाऱ्यांना) किंवा आलिमांना (धर्मपंडितांना) विचारा.

जमातीने नमाज पढणं फर्ज आहे की सुन्नत?

पाच वक्तांच्या (पहाटेची फजर, दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहरची असर, सूर्यास्तानंतरची मगरिब, रात्रीची इशा) फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाजांसाठी जमात, म्हणजे इमामामागे एकत्र पढणं, ही शाफई मजहबात, इमाम नववींनी पसंत केलेल्या मतानुसार, फर्जे किफाया आहे. म्हणजे गावात उघडपणे जमात होत असेल, तर बाकीच्यांवरचा गुन्हा टळतो. कुणीच गेलं नाही तर सगळा गाव गुन्हेगार. हनफींकडे ती सुन्नते मुअक्कदा (आग्रहाने पाळायची पैगंबरांची प्रथा) आहे, वाजिबच्या (आवश्यकच्या) जवळची. हंबलींकडे प्रत्येक धडधाकट पुरुषावर वाजिब.

फर्जे किफाया म्हटलं की लोकांना हायसं वाटतं: चार म्हातारे जातायत ना, झालं! पण ज्या गावातले निम्मे पुरुष मुंबईत, आखातात किंवा आफ्रिकेत आहेत, तिथे ते चार म्हातारेच उरतात, आणि त्यांतला एक आजारी पडला की हिशेब बदलतो. शिवाय सवाब (पुण्य) वेगळाच. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) दोन्ही संग्रहांत इब्ने उमर या सहाबींची (पैगंबरांच्या सोबत्याची) हदीस आहे की जमातीची नमाज एकट्याच्या नमाजेपेक्षा 27 दर्जे वरची. दुसऱ्या रिवायतीत (कथनात) 25 आहे. मुस्लिम शरीफमध्ये एका आंधळ्या सहाबींचा किस्सा आहे. मला मशिदीपर्यंत आणणारं कुणी नाही, घरी पढू का, असं त्यांनी विचारलं. पैगंबरांनी (स.) आधी सूट दिली, मग परत बोलावून विचारलं, अजान ऐकू येते का? हो म्हटल्यावर म्हणाले, मग ये.

पावसात मशिदीत नाही गेलं तर चालतं का?

चालतं. कपडे भिजतील असा पाऊस, पाय घसरेल असा चिखल, रात्रीचा सोसाट्याचा वारा, ही सगळी जमात सोडायची कबूल कारणं आहेत. बुखारीत आहे की थंडी-वाऱ्याच्या रात्री इब्ने उमरनी अजान दिली आणि शेवटी पुकारलं, "अला सल्लू फिर्रिहाल", आपापल्या मुक्कामावरच नमाज पढा. पैगंबर (स.) अशा रात्री मुअज्जिनला (अजान देणाऱ्याला) हेच सांगायचे, असं त्यांनी पुढे सांगितलं. इब्ने अब्बासांनी तर पावसाळी जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) दिवशी हे पुकारायला लावलं होतं. 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अनेक देशांत अजानीत "सल्लू फी बुयूतिकुम" (आपापल्या घरांतच नमाज पढा) ऐकू आलं आणि काहींना ते नवं वाटलं. ते नवं नव्हतं.

वयस्कर माणसं जुलैच्या रात्री टॉर्च घेऊन, निसरड्या जांभ्याच्या पायऱ्या उतरत इशाला येतात. त्यांच्या हौसेला सलाम. पण घरच्यांनी अडवलं तर ते दीनच्या विरोधात बोलतायत असं कृपा करून म्हणू नका. पडून खुबा मोडला तर पुढची सहा महिने जमात जाते ती वेगळीच.

पावसामुळे मगरिब आणि इशा एकत्र पढता येते का?

येते. कोकणासारख्या मुलखात हा मसला प्रत्येकाला पाठ असायला हवा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. आणि तरीही पावसातली जमा म्हटली की लोक चमकून बघतात, कारण हनफी मजहबात हजचे दिवस सोडले तर दोन नमाजा एका वक्तात पढायची सोय नाही.

मुस्लिम शरीफमध्ये इब्ने अब्बासची रिवायत आहे की पैगंबरांनी (स.) मदिन्यात, भीती नसताना आणि सफर नसताना, जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढल्या. इमाम मालिक त्यावर म्हणाले, मला वाटतं हे पावसात असावं. शाफई मजहबाने याच आधारावर परवानगी दिली, पण अटी घालून.

पहिली अट, पुढची नमाज आधी ओढायची, मागची पुढे ढकलायची नाही. म्हणजे मगरिबच्या वक्तात इशा, जोहरच्या वक्तात असर. पाऊस आहे म्हणून मगरिब इशापर्यंत लांबवणं जमणार नाही, कारण तोवर पाऊस थांबू शकतो. दुसरी, पाऊस कपडे भिजवणारा हवा आणि तो पहिल्या नमाजेच्या सुरुवातीला, तिच्या सलामाच्या (नमाज संपवण्याच्या) वेळी आणि तिथून दुसरी नमाज सुरू होईपर्यंत चालू हवा. मधे, पहिली नमाज चालू असताना, थोडा थांबला तर बिघडत नाही. तिसरी, पहिली नमाज संपायच्या आत जमा करायची नियत झालेली हवी. चौथी, दोन नमाजांमध्ये लांब खंड नको. मगरिबचा सलाम झाला, इकामत (नमाज उभी राहत असल्याची पुकार) दिली, इशा सुरू. मधे चहा नाही आणि सुन्नतही (फर्जखेरीजची नमाज) नाही, सुन्नती नंतर पढायच्या.

आणि ही सूट जमातीने पढणाऱ्यालाच आहे, तेही ज्याचं घर लांब आहे आणि वाटेत भिजून त्रास होणार आहे त्याला. मशिदीला लागून घर असलेल्याने आपली इशा तिच्या वक्ताला पढावी. घरी पढणाऱ्या बायकांनाही ही सूट नाही. इमामाचं घर मशिदीच्या आवारातच असलं तरी तो लोकांबरोबर जमा करू शकतो, नाहीतर त्यांना पढवणार कोण? नुसता चिखल किंवा नुसता वारा असेल तर जमात सोडायला ते कारण पुरतं, पण जमा करायला मजहबाच्या प्रसिद्ध मतानुसार पुरत नाही. इथे लोक हमखास घोळ करतात.

निर्णय इमामाने घ्यायचा. मागच्या सफेतून (रांगेतून) "जमा करा, जमा करा" अशी हाळी घालू नये.

आमचे पेश इमाम उत्तरेकडचे, हनफी आहेत. त्यांच्यामागे आमची नमाज होते का?

होते. किती तरी गावांत पगार कमी म्हणून स्थानिक इमाम मिळत नाही आणि बिहार, उत्तर प्रदेशातला हाफिज (कुरआन पाठ असलेला) येऊन वर्षानुवर्षं गाव सांभाळतो. त्याच्यामागे पढताना चार गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे.

अल्हम्द (सूरह फातिहा). शाफई मुक्तदीला (इमामामागे पढणाऱ्याला) प्रत्येक रकातीत (नमाजेच्या फेरीत) सूरह फातिहा, म्हणजे कुरआनचा पहिला अध्याय, पढावीच लागते, इमाम मोठ्याने पढत असला तरी. शाफई इमाम आमीननंतर जरा थांबतो, म्हणजे मागच्यांना वेळ मिळतो. हनफी इमाम थांबत नाही, लगेच सूरह सुरू करतो. तुम्ही सूरह चालू असताना हळू आवाजात अल्हम्द पढून घ्या. तो रुकूत (कमरेत वाकून) गेला आणि तुमची राहिली असेल, तर मूळचीच सावकाश पढणाऱ्या माणसाला ती पुरी करून मग त्याला गाठायची सवलत आहे. मात्र रुकू आणि दोन सजदे (जमिनीला कपाळ टेकणं) या तीन लांब रुक्नांपेक्षा (नमाजेच्या अंगांपेक्षा) जास्त मागे पडू नये.

बिस्मिल्लाह. आपल्याकडे ती फातिहाची आयत आहे आणि मोठ्याने पढतात. हनफी इमाम हळू पढतो. ऐकू आली नाही म्हणजे पढली नाही, असं धरू नका.

कुनूत (उभ्याने मागायची दुआ). फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर शाफई इमाम हात उचलून कुनूत पढतो, हनफी पढत नाही. हनफी इमामामागे असाल तर पटकन छोटी कुनूत पढून त्याला पहिल्या सजद्यात गाठता येत असेल तर पढा, नाहीतर सोडा. सुटली तर इमामाच्या सलामानंतर सहूचे (चूक भरून काढायचे) दोन सजदे करून सलाम फेरा. उलट, शाफई इमामामागे हनफी पाहुणा असेल तर त्याने हात सोडून गप्प उभं राहावं. त्याला "हात उचल ना" म्हणून कोपर मारणारे महाभाग आहेत.

चौथी वजूची (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याची). बायकोला हात लागला तर शाफईंचा वजू तुटतो, हनफींचा नाही. रक्त वाहिलं तर हनफींचा तुटतो, शाफईंचा नाही. किताबांतला नियम असा की मुक्तदीला त्याच्या मजहबाप्रमाणे इमामाचा वजू तुटल्याचं पक्कं माहीत असेल तरच अडचण. इमामाच्या घरात काय झालं हे तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

वेळापत्रकात असरच्या दोन वेळा का असतात?

सावली वस्तूइतकी झाली (दुपारची मूळ सावली वगळून) की शाफई असर सुरू होते. हनफींच्या प्रसिद्ध मतात ती दुप्पट व्हावी लागते. आपल्या मशिदींत बहुतेक ठिकाणी पहिल्या वेळेवर जमात होते. हनफी माणसाला घाई वाटत असेल तर तो नंतर पढेल, त्याला टोकू नये.

उशिरा पोचलो आणि इमाम रुकूत होता. रकात मिळाली का?

सरळ उभं राहून तकबीरे तहरीमा (नमाज सुरू करणारं "अल्लाहु अकबर") म्हटली, मग रुकूत गेलात आणि इमाम उठायच्या आधी क्षणभर त्याच्याबरोबर स्थिर झालात, तर मिळाली. वाकता वाकता तकबीर म्हटली तर नमाजच सुरू झाली नाही. घाईत नेमकं हेच होतं: माणूस चप्पल काढतो, धावत येतो, "अल्लाहु" उभ्याने आणि "अकबर" रुकूत. म्हणून हदीसीत सांगितलंय की इकामत ऐकली तरी धावू नका, शांतपणे चालत या, मिळेल ते पढा, सुटेल ते पुरं करा.

उरलेलं पुरं कसं करायचं, हे मगरिबला चुकतं. समजा तुम्हाला तिसरी रकात मिळाली. शाफईंच्या हिशेबात ही तुमची पहिली. इमामाने दोन्ही बाजूंना सलाम फेरल्यावर उठा, एक रकात पढा, ही दुसरी, अल्हम्दनंतर सूरह जोडा आणि अत्तहियातला (बसून म्हणायच्या दुआला) बसा. मग उठून तिसरी पढा, पुन्हा बसा, सलाम. म्हणजे एका मगरिबला तीनदा बसणं झालं. बरोबर आहे ते. इमामाचा पहिला सलाम होताच ताडकन उठू नका, दुसरा होऊ द्या.

इकामत झाली आणि मी फजरची सुन्नत पढत होतो.

जमात हुकणार असं वाटलं तर सुन्नत सोडून जमातीत या. नवी सुन्नत तर सुरू करूच नये, "इकामत झाली की फर्जशिवाय नमाज नाही" अशी हदीस मुस्लिममध्ये आहे. हनफींकडे फजरच्या सुन्नतीला थोडी सवलत आहे. सुटलेली सुन्नत शाफईंना फर्जनंतर लगेच पढता येते.

बंदरावरून थेट मशिदीत येतो. मासळीच्या वासाचं काय?

कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नका, त्याने लोकांना आणि फरिश्त्यांना त्रास होतो, अशी हदीस आहे. फुकहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) त्यात त्रास देणारा कुठलाही वास धरला. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला दिवसभर मासळी हाताळलेल्या माणसाने मशिदीत यावं, पण अंगावरचा सदरा बदलून. जाळ्यावरून उठून आलेल्यासाठी एक धुतलेला सदरा आणि लुंगी मशिदीच्या खुंटीला असली की प्रश्न मिटतो. विडी-तंबाखूच्या वासाला मात्र कुणी नाक मुरडत नाही, हे गंमतीचं आहे.

वासापेक्षा मोठी गोष्ट वजूची. बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, कोपरावर खवलं चिकटून वाळतं. त्याच्याखाली पाणी जात नाही. तिळाएवढी जागा कोरडी राहिली तरी वजू होत नाही. जुन्या किताबांत अंगाला चिकटलेल्या माशाच्या कातडीचा उल्लेख खास आला आहे. होडीला लावायचं डांबर आणि ऑइलपेंट यांचंही तेच. आधी रॉकेलने किंवा तेलाने काढा, साबणाने धुवा, मग वजू. मासळीचं रक्त कपड्याला लागलं तर शाफईंकडे ते नापाक, थोडं असेल तर माफ. हनफींकडे पाक.

ट्रॉलरवर खलाशांनी जमात करावी का?

दोघं असले तरी जमात होते. एक इमाम, दुसरा त्याच्या उजवीकडे, टाच किंचित मागे ठेवून. तिसरा आला की दोघं मागे. शक्य तोवर उभ्याने पढायची, बोट इतकी हलत असेल की पडाल किंवा चक्कर येते तर बसून. किबला (काबाची दिशा) आपल्या किनाऱ्यावरून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. बोट वळली तर तुम्हीही नमाजेतच वळायचं. तांडेलाने सुकाण सोडून जमातीत यायची गरज नाही, तो नंतर एकटा पढेल.

कसरबद्दल (प्रवासात चार रकातींच्या दोन करणं): मासळीच्या मागे, ठिकाण न ठरवता फिरणाऱ्या बोटीला शाफई मजहबात मुसाफिराची सूट मिळत नाही. ठराविक ठिकाणी जायचं असेल आणि ते साधारण 82 किलोमीटरच्या पलीकडे असेल, तर मिळते.

मुंबईहून तीन दिवसांसाठी गावी आलो. दोन रकात पढू की चार?

वाटेत, म्हणजे महामार्गावर किंवा कोकण रेल्वेत, कसर आणि जमा दोन्ही चालतं. महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरी हे सगळं मुंबईपासून त्या 82 किलोमीटरच्या हद्दीबाहेर आहे. दापोलीहून खेडला बाजाराला जाणं ही सफर नाही.

गावात पोचल्यावर पाहायचं की हे तुमचं राहतं वतन आहे का. असेल तर वेशीत शिरताच सफर संपली. कायमचं बिऱ्हाड मुंबईला हलवलं असेल, तर गावात फक्त नातेवाईक आहेत म्हणून ते वतन ठरत नाही. मग येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांपेक्षा कमी राहायचं असेल तर कसर करता येते. हनफींकडे ही मुदत पंधरा दिवसांची. पण मशिदीत स्थानिक इमामामागे उभे राहिलात की चार रकात पुऱ्या पढाव्याच लागतात, मुसाफिर असलात तरी.

आमच्या वाडीत चाळीस पुरुष भरत नाहीत. जुम्मा कसा करायचा?

शाफई मजहबाच्या कबूल मतानुसार जुम्म्याला इमाम धरून चाळीस बालिग (वयात आलेले) पुरुष लागतात, आणि तेही गावचे कायमचे रहिवासी. मे महिन्यात चाकरमानी आले की मशीद ओसंडते, पण परत जाणारा माणूस त्या चाळीसांत मोजला जात नाही. संख्या भरत नसेल आणि शेजारच्या मोठ्या गावची अजान तुमच्यापर्यंत पोचत असेल, तर तिथे जाऊन जुम्मा पढायचा. पोचत नसेल तर जमातीने जोहर.

शाफईंतच काही आलिमांनी चाळीसपेक्षा कमी संख्येवर जुम्मा जायज धरला आहे, सुयूतींनी चार जणांचं मत पसंत केलं. हनफींकडे इमामाशिवाय तीन पुरतात. ओसाड पडत चाललेल्या वाड्यांमध्ये आलिम या मतांकडे बघतात. मात्र तो निर्णय आलिमांचा, कमिटीच्या बैठकीत हात वर करून घ्यायचा नाही.

बायकांनी मशिदीत यावं का?

"अल्लाहच्या बांदींना (दासींना) अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका" ही हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. त्यांच्यावर मशिदीची जमात लागू नाही आणि घरातली नमाज त्यांच्यासाठी बेहतर सांगितली आहे. आलं तर अत्तर लावून येऊ नये, सफ पुरुषांच्या मागे. इतकंच. महामार्गावरच्या मशिदीत बायकांच्या वजूची आणि नमाजेची सोय नसल्यामुळे प्रवासातल्या बायकांची मगरिब गाडीतच कजा होते (वक्त टळून सुटते), याची लाज मात्र पुरुषांना वाटायला हवी.

घरात बायका-बायकांची जमात शाफईंकडे पसंतीची आहे. इमाम झालेली बाई पहिल्या सफेच्या मधोमध उभी राहते, पुढे नाही. हजरत आयेशा आणि उम्मे सलमा यांनी अशी जमात केल्याचं नमूद आहे. नवरा-बायको जमात करत असतील तर बायको मागे उभी राहील, शेजारी नाही.

दहा-अकरा वर्षांचा हाफिज पोरगा इमाम होऊ शकतो का?

शाफईंकडे समजूतदार मुलाची इमामत जायज आहे. अम्र बिन सलमा सहा-सात वर्षांचे असताना आपल्या कबिल्याला नमाज पढवायचे, कारण कुरआन त्यांना सगळ्यांत जास्त येत होतं. बालिग माणूस असेल तर तो बेहतर. हनफींकडे फर्ज नमाजेत मुलाची इमामत चालत नाही, त्यामुळे मिश्र जमात असेल तर वाद टाळा. आणि लहान मुलांना सफेतून हाकलून चपलांपाशी उभं करू नका.

घरात बसून मशिदीच्या लाउडस्पीकरवर इमामाच्या मागे नमाज होते का?

नाही. मशिदीबाहेरच्या माणसासाठी शाफई अट अशी की अंतर साधारण तीनशे हातांच्या आत असावं आणि मधे इमामापर्यंत जाण्याची वाट अडवणारी भिंत वगैरे नसावी. मशीद भरून लोक अंगणात, रस्त्यावर सफ जोडतात तेव्हा ती होते. यूट्यूबवरच्या इमामामागे तर नाहीच.

अजान लाउडस्पीकरशिवायही पुरी होते. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर ऐकू जाणारा लाउडस्पीकर बंद ठेवायचा असतो, आणि आपल्याकडे फजरचा वक्त वर्षभर सहाच्या आधी लागतो. मुअज्जिनने मशिदीच्या पायरीवर उभं राहून, कानात बोटं घालून दिलेली बांग पिढ्यान् पिढ्या पुरत होती.

जमात होऊन गेल्यावर आम्ही चौघं पोचलो. दुसरी जमात करू का?

गावच्या, नेमलेला इमाम असलेल्या मशिदीत त्याच्या परवानगीशिवाय दुसरी जमात शाफईंकडे मकरूह (नापसंत) आहे. परवानगी घ्या, बहुतेक इमाम देतात. महामार्गावरच्या मशिदीत, जिथे येणारे-जाणारे सतत असतात, काही हरकत नाही.

नमाजेत मोबाईल वाजला तर?

एका हाताने, एका हालचालीत बंद करा. शाफईंकडे लागोपाठ तीन मोठ्या हालचालींनी नमाज तुटते. खिशातून काढला, स्क्रीन बघितली, पासवर्ड टाकला, की गेली. पण तो वाजणार नाही असं करायला वजूखान्यापासून सफेपर्यंतचा वेळ पुरतो.

खुर्चीवर नमाज पढणाऱ्याने खुर्ची कुठे ठेवावी?

पूर्ण नमाज बसून पढत असाल तर तुमची बैठक सफेतल्या लोकांच्या टाचांच्या रेषेत यावी. उभं राहता येत असेल आणि खुर्ची फक्त सजद्यासाठी हवी असेल, तर उभे असताना टाचा सफेत ठेवा आणि खुर्ची मागे जाईल. मागच्या माणसाला सजद्याला जागा उरत नसेल तर सफेच्या टोकाला बसा. उभं राहता येत असूनही सुरुवातीपासून खुर्चीत बसून पढलेली फर्ज नमाज होत नाही.